हंडा उचलला म्हणून अंग बाहेर आलं का?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. आई 54 वर्षांची, गाव खटाव तालुक्यात. तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल, पहिलं घरीच सुईणीच्या हातचं. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरवताना खाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि संध्याकाळी न्हाणीत हाताला गोळा लागला. आता घरात तीन मतं आहेत. आई म्हणते, हंड्यानं घात केला. आजी म्हणते, सव्वा महिना भरायच्या आत शेतात गेली, पथ्य पाळलं नाही, म्हणून. भावकीतलं कोणी म्हणतं, पिशवी काढून टाका, विषय संपला. आणि ताईंच्या मनात आणखी एक धास्ती आहे. त्यांचं स्वतःचं पहिलं बाळंतपण दोन वर्षांपूर्वी चिमटा (फोर्सेप्स) लावून झालं. आईचं झालं ते पुढे माझंही होणार का?

ताई, मी कराडमध्ये 28 वर्षं स्त्रियांचे आजार तपासते. एका बाजूला पाटणचं खोरं, दुसऱ्या बाजूला खटाव-माण, खाली कडेगाव-पलूस, अशा तिन्हीकडच्या बायका येतात. या दुखण्याला त्या 'अंग बाहेर येणं' म्हणतात आणि ते सांगायला सरासरी किती वर्षं घेतात हे विचारू नका. बहुतेकींची सुरुवात कंबरदुखीनं होते. उठून दाराशी गेल्यावर, चप्पल घालताना, हळूच येतं: "आणि बाई, ते जरा अंग पन भायेर येतंय." तुमच्या आईंनी वर्षाच्या आत तोंड उघडलं, तेवढं बरं झालं.

घरातल्या तिन्ही मतांत थोडं थोडं खरं आहे, पण कोणाचंच मत मुळाशी पोचत नाही. बाहेर दिसते ती पिशवी, म्हणजे गर्भाशय, म्हणून सगळे तिलाच धरतात. पिशवीला काही झालेलं नसतं. बिघडतं ते तिला धरून ठेवणारं. कित्येकदा तर हाताला लागणारा गोळा पिशवीचा नसतोच. पुढून लघवीची पिशवी किंवा मागून शौचाच्या जागेची भिंत योनीमार्गात फुगून खाली आलेली असते.

जुन्या घरात आढ्याला शिंकाळं टांगलेलं असायचं, त्यात दह्याचं मडकं. समजा मडक्याच्या बुडाखाली एक पाट असा ठेवलाय की मडकं त्यावर टेकलंय. तोवर दोऱ्यांवर भार नाही, त्या फक्त मडकं कलू देत नाहीत. पाट खचला की सगळं वजन दोऱ्यांवर येतं. आज तुटत नाहीत, उद्याही नाहीत; पण वर्षानुवर्षं ताणत ताणत एक दिवस मडकं जमिनीला लागतं. आपल्या शरीरात पाट म्हणजे ओटीपोटाच्या तळाचा स्नायू. समोरच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत तो झोळीसारखा पसरलाय आणि लघवीची वाट, योनी, शौचाची वाट त्याच्यातल्या फटीतून बाहेर येतात. निरोगी बाईत हा स्नायू झोपेतही थोडा आवळलेला असतो, त्यामुळे फट मिटलेली राहते. दोऱ्या म्हणजे पिशवीच्या तोंडापासून मागे कण्याच्या तळाच्या हाडाकडे आणि दोन्ही बाजूंना जाणारे पट्टे. भार उचलायचं काम पाटाचं आहे, दोऱ्यांचं नाही. हे ध्यानात आलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

हा पाट खचतो बहुतेक वेळा बाळंतपणात. मूल बाहेर येताना या स्नायूच्या आतल्या कडेवर जो ताण येतो, त्याचं गणित अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात 2004 साली संगणकावर मांडलं गेलं. तो भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं निघालं. एरवी कुठलाही स्नायू दीडपटीच्या पुढे ताणला की इजा होते. गरोदरपणात तो मऊ पडतो म्हणून बहुतेक बायका सुखरूप सुटतात. पण अल्ट्रासाऊंडवर पाहिलं तर नॉर्मल बाळंतपण झालेल्या दर दहा जणींत एक ते तिघींचा हा स्नायू समोरच्या हाडावरून उखडलेला दिसतो, एका बाजूनं किंवा दोन्ही. बाहेरच्या टाक्यांशी याचा संबंध नाही. टाके छान भरून येतात, बाई चालायला-बसायला लागते, आणि आत स्नायू निसटलाय याचा कोणाला पत्ताही नसतो. त्याच ताणात त्या भागाची नसही ताणली जाते. नस बऱ्याच अंशी सावरते, उखडलेला स्नायू मात्र हाडाला परत चिकटत नाही.

हे बोटाला कळतं. तपासताना समोरच्या हाडाच्या मागे एक बोट ठेवून मी सांगते, "वायू सरणार आहे, धरून ठेवा बघू." उजवीकडे बोटाखाली दोरखंड ताठ व्हावा तसं काहीतरी आवळतं. डावीकडे तेच बोट नेलं तर कधीकधी काहीच नाही, नुसतं हाड. अशा बाईला विचारते, पहिल्या खेपेला किती वेळ जोर लावायला लावला होता? आणि पस्तीस वर्षांपूर्वीची ती रात्र तिला मिनिटामिनिटानं आठवते. सुईण पोटावर गुडघा देऊन बसली होती. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधीच "जोर कर, जोर कर" चाललं होतं. सासू कंदील धरून उभी होती. हंड्याची तारीख बायका सांगतात, पण ही रात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

म्हणून पहिलं बाळंतपण सगळ्यात महत्त्वाचं. मूल चार किलोच्या पुढचं असलं, डोकं खाली येऊन तासन्‌तास अडकलं, चिमटा लावावा लागला, तर धोका वाढतो. बाळाच्या डोक्याला वाटी लावून ओढतात त्या व्हॅक्यूमपेक्षा चिमट्यानं जास्त. ऑक्सफर्डमध्ये 17 हजारांवर बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून 1997 साली निष्कर्ष छापले गेले. मूल न झालेल्या बाईच्या तुलनेत एका मुलाच्या आईला या त्रासासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागण्याची शक्यता साधारण चौपट, दोन मुलांच्या आईला आठपट. त्यापुढच्या प्रत्येक मुलानं ती आणखी वाढते, पण पहिल्या दोनांइतक्या उडीनं नाही.

मग पंचविशीत झालेली इजा पन्नाशीत का दिसते? कारण पाट खचल्यावरही दोऱ्या असतात. तरुणपणी त्या चिवट असतात. पाळी जाते, शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि त्याबरोबर या पट्ट्यांतलं कोलॅजेन, म्हणजे त्यांचा चिवट धागा, विरत जातो. योनीची कातडी पातळ होते. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, अनेक देशांपेक्षा लवकर, म्हणजे इस्ट्रोजेनशिवाय काढायची वर्षंही जास्त. तुमच्या आईंची अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, गोळा चौपन्नाव्या वर्षी लागला. हिशोब अगदी नेहमीचा आहे.

आता हंडा. पंधरा लिटरची कळशी म्हटली तरी पाण्याचंच वजन पंधरा किलो, भांड्याचं वेगळं. ते डोक्यावर घेऊन चालताना फारसं काही होत नाही; चढवताना आणि उतरवताना, वाकून श्वास रोखून हिसका देताना, पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो दाब तळावरच येतो. त्यामुळे आईंना त्या क्षणी 'सुटलं' असं वाटलं, ते खोटं नाही. पण हंड्यानं शेवटची दोरी ताणली. निरोगी तळ असलेली बाई तेवढा हंडा आयुष्यभर उचलते आणि तिला काही होत नाही. माणमधल्या सगळ्याच बायका पाणी वाहतात, सगळ्यांचं अंग बाहेर येत नाही.

ओझ्याची बाजू मात्र मी हलकी करत नाही. पाटणच्या डोंगरातून सरपणाची मोळी घेऊन उतार उतरणारी बाई, कृष्णाकाठची डोक्यावर ओल्या वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येणारी बाई, दिवाळीपासून चैत्रापर्यंत आपल्या कारखान्यांच्या फडात उसाच्या मोळ्या ट्रॅक्टरवर चढवणारी बीडकडची बाई. यातल्या कितीतरी जणी बाळंत होऊन दीड-दोन महिन्यांत परत कामाला लागलेल्या असतात. ताणलेल्या स्नायूला आणि नसेला सावरायला चार ते सहा महिने लागतात. तेव्हा आजीचं पथ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फक्त ते तिनं सुनेला ऐकवायच्या सुरात म्हणू नये. सव्वा महिना भरायच्या आत सून शेतात गेली ती हौसेनं नव्हे. तिला कोणी पाठवलं, हे आजीलाच विचारा.

ज्याला ओझं म्हणून कोणी धरत नाही, ते ओझं जास्त नडतं. खोकला. जोराच्या खोकल्यात पोटातला दाब पाच-सात किलो उचलण्यापेक्षा जास्त वाढतो, आणि पाच किलोचं पातेलं बाई दिवसातून दहादा उचलत असेल तर जुना खोकला दोनशेदा येतो. गॅस घरोघरी आलाय, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, म्हणजे धूर छातीत जातोच. दुसरं, कुंथणं. माझ्या निम्म्या म्हाताऱ्या पेशंट सांगतात, मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. मिश्रीनं अंग बाहेर येतं असं मी म्हणत नाही. मूळ गोष्ट ही की वर्षानुवर्षं अंधाराची वाट बघत शौच दाबून धरलेलं, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलेलं, त्यामुळे शौच खडा झालेलं. रोज सकाळी दहा मिनिटं कुंथणं म्हणजे रोज एक छोटं बाळंतपणच. या सगळ्यात लठ्ठपणाही धरा; पोटावरची चरबी म्हणजे चोवीस तास न उतरवता घेतलेला हंडा.

काहींचा धागा जन्मतःच सैल असतो. आई, बहीण, मावशी यांना त्रास असेल तर शक्यता साधारण अडीच पट होते. अशा घरात बोटं मागे वाकणाऱ्या, सांधे लवचिक असणाऱ्या बायका जास्त भेटतात. कधी मूलच न झालेल्या किंवा एकाच मुलाच्या विशी-पंचविशीतल्या पोरीचं अंग बाहेर आलेलं असतं. आपल्या देशात अशा पोरी पुरेशा संख्येनं दिसत आल्या, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी त्यावर वेगळी वाट शोधली. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर जगभर ओळखले जातात ते गर्भपिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्यासाठी, पण पिशवी न काढता तिचं तोंड पट्टीनं मागे कण्याच्या हाडाला टांगायची शस्त्रक्रियाही त्यांची. डॉ. पुरंदरे यांनी तेच पुढे, पोटाच्या भिंतीला टांगून केलं. दोघांनी मडकं फेकलं नाही, दोरी बदलली.

आणि इथंच भावकीचं मत चुकतं. पिशवी काढली की अंग बाहेर यायचा प्रश्नच मिटला, असं नसतं. पिशवी काढताना त्याच दोऱ्या कापाव्या लागतात. उरलेल्या योनीचं टोक नीट कुठेतरी पक्कं बांधलं नाही, तर काही वर्षांनी ते टोकच मोज्यासारखं उलटं होऊन बाहेर येतं. ते दुरुस्त करणं पहिल्यापेक्षा अवघड. अशा बायका मी दरवर्षी पाहते, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पिशवी तर काढली, मग हे काय आलं?" बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी 2019 मध्ये झाली, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथली कारणं अनेक आणि वेगळी होती, पण पिशवी म्हणजे कटकट, काढून मोकळं व्हावं, हा समज आपल्या घरातलाच. तुमच्या आईंना शस्त्रक्रिया सुचवली गेली तर डॉक्टरांना एवढंच विचारा: पिशवी काढल्यावर वरचं टोक कशाला बांधणार? ज्यांच्याकडे याचं सरळ उत्तर असेल त्यांच्याकडे निर्धास्त करा.

पण शस्त्रक्रिया लागेलच असंही नाही. मुलं झालेल्या बायका तपासल्या तर निम्म्याजणींत थोडं तरी खाली सरकलेलं सापडतं, आणि त्यातल्या बहुतेकींना काही त्रास नसतो. त्रास सुरू होतो तो गोळा योनीच्या तोंडाशी किंवा बाहेर आल्यावर. आमच्या तपासणीची मोजपट्टी 1996 पासून ठरलेली आहे. तीही तिथूनच, योनीच्या तोंडापासून सेंटिमीटरमध्ये वर-खाली मोजते. आईंचं पाहिल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही. सुरुवातीचं असेल तर व्यायाम, मधलं असेल तर रिंग, म्हणजे गोळा वर धरून ठेवायला योनीत बसवायची कडी. रिंगला बायका नाक मुरडतात. एक गंमत सांगते: प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी अर्धं डाळिंब आत बसवत. डाळिंबाच्या बागांच्या आटपाडीतल्या एका आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्यात भाव पडल्यावर एवढंच करायचं राहिलंय." आताची रिंग सिलिकॉनची असते, मऊ, मापाची. काढून, धुऊन परत बसवायला बाई स्वतः शिकते. त्याच आजी चार वर्षं रिंगवर आहेत आणि बाजाराला जातात.

व्यायाम डॉ. केगेल यांनी 1948 साली मांडला. वायू धरून ठेवतो तसं आवळायचं आणि वर ओढायचं, पोट आणि मांड्या ढिल्या ठेवून. आठ-दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, तेवढाच वेळ थांबायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन-चार महिने. लघवी मध्येच तोडून हा व्यायाम करू नका, एकदा स्नायू ओळखण्यापुरतं ठीक. यानं उखडलेला स्नायू चिकटत नाही, पण उरलेला जाड आणि जागा होतो. खोकला यायच्या आणि हंडा उचलायच्या आधी आवळायची सवय लागली तर दाबाचा धक्का दोऱ्यांपर्यंत पोचत नाही.

आता तुमचं स्वतःचं. चिमटा लागला म्हणजे तुमचा स्नायू उखडलाच असं नाही. आई आणि चिमटा, दोन्ही तुमच्या खात्यावर आहेत, एवढं मात्र खरं. दुसऱ्या खेपेला या भीतीपोटी सिझर मागू नका. सिझरनं हा धोका कमी होतो, पण पोटावरच्या शस्त्रक्रियेचे आणि पुढच्या गरोदरपणातले धोके त्याबदल्यात येतात. शिवाय इजा व्हायची ती बहुतेक पहिल्याच खेपेला होऊन गेलेली असते. तुम्हाला संध्याकाळी खाली ओढल्यासारखं, जड वाटतं का? शौचाला बोटानं आधार द्यावा लागतो का? नसेल तर व्यायाम सुरू करा, वजन सांभाळा, आणि पोट साफ राहील असं खा. असेल तर आईंबरोबर तुम्हीही तपासून घ्या.

एका बाबतीत मात्र थांबू नका. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जात असेल, गोळ्यावर जखम झाली असेल किंवा वास येणारं पाणी जात असेल, तर ते 'अंग बाहेर येतंय म्हणून असेल' असं धरून बसू नका. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आधी वगळायला हवा. गोळा पूर्ण बाहेर राहत असेल आणि लघवी अडत असेल, तर उशीर मूत्रपिंडाला महागात पडतो.

आणि तपासायला आणाल तेव्हा सकाळी पहिल्या एसटीनं आणू नका. रात्रभर आडवं झाल्यावर अंग आत जातं, सकाळी टेबलावर झोपवलं तर काहीच दिसत नाही आणि बाई खोटी पडते. दुपारी चारनंतर आणा, घरचं काम करून. आई नऊवारी नेसत असतील तर आल्यावर अर्धा तास कासोटा सोडून फिरू द्या. घट्ट कासोट्यानंही गोळा वर धरला जातो. मी त्यांना उकिडवं बसवून खोकायला सांगेन.